कॅनडाच्या निर्जन उत्तरेतली भौगोलिक मोहीम : पैसा कुठून आणायचा, कशावर घालायचा, किती राखून ठेवायचा

उत्तरायण
कॅनडाच्या उत्तर भागातल्या मोहिमांचा निधी आणि पाठबळ यावर मराठीत एका जागी माहिती मिळत नाही, म्हणून हा धागा. चर्चा हवेत राहू नये यासाठी एक आराखडा समोर ठेवतो. थेलॉन नदीचा वरचा भाग ते नुनावुत प्रदेशातलं बेकर लेक हे गाव, साधारण ९०० किलोमीटर, कनूने (वल्ह्याची अरुंद होडी), जुलै-ऑगस्टमध्ये, ४० दिवस, सहा जण. वाटेत काही शास्त्रीय निरीक्षणं. प्रश्न तीन आहेत. निधी देणाऱ्या संस्था नेमकं काय बघतात? अंदाजपत्रकात कोणते रकाने हमखास सुटतात? आणि परवाने किती, कुणाचे? "भरपूर तयारी करा" असले सल्ले नकोत. आकडे आणि कारणं द्या.

हिशेबनीस
सुरुवात उलट्या टोकाने करा. बहुतेक गट आधी जाण्याचा खर्च मांडतात आणि परतीचा खर्च शेवटी जमेल तसा बसवतात. माझ्या मते अंदाजपत्रकाची पहिली ओळ "परत येणं" ही असावी. नियोजित परतीचा खर्च, त्याशिवाय एका जादा उड्डाणाचे पूर्ण पैसे, आणि वैद्यकीय सुटकेचा विमा. हे तीन रकाने भरल्याशिवाय बाकी कशावर एक डॉलरही खर्च करू नये. जादा उड्डाणाचे पैसे खात्यात पडून राहिले तर उत्तमच, मोहीम संपल्यावर परत करता येतात. ते नसतील तर दुखापत झालेला माणूस नदीकाठी आणि बाकीचे फोनवर वर्गणी गोळा करतायत, अशी वेळ येते.

हे नवं शहाणपण नाही. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिनची १८१९ ते १८२२ची कॉपरमाइन मोहीम बघा. रसद पुरवण्याचं कबूल केलेल्या दोन व्यापारी कंपन्यांचं आपसात वैर होतं. ठरलेला माल आणि दारूगोळा पुरेसा पोहोचलाच नाही. ऑक्टोबर १८२१मध्ये फ्रँकलिन उपाशी माणसांसह फोर्ट एंटरप्राइज या आपल्या तळावर पोहोचला, तेव्हा तिथे साठवून ठेवायचं ठरलेलं अन्न नव्हतं. परतीच्या वाटेवर २० जणांपैकी ११ जण मरण पावले. उरलेल्यांना तिथल्या मूळ रहिवासी डेने लोकांनी, प्रमुख अकाइचोच्या माणसांनी, वाचवलं. मोहिमेला लंडनमध्ये मंजुरी होती, आदेश होते, प्रतिष्ठा होती. परतीच्या टप्प्याची खात्री तेवढी नव्हती.

तुंद्रा
वरच्या मुद्द्याशी सहमत. निधी देणाऱ्यांच्या नजरेतून सांगते.

रॉयल कॅनेडियन जिऑग्राफिकल सोसायटी १९२९मध्ये स्थापन झाली, चार्ल्स कॅमसेल यांच्या पुढाकाराने. ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे आणि मोहिमांना अनुदान देते. तिचा भर कॅनडाचा भूगोल कॅनडातल्या लोकांपर्यंत पोहोचवण्यावर आहे. म्हणून अर्जात "आम्ही अमुक नदी उतरणार" एवढं पुरत नाही. तिथून काय घेऊन येणार, ते कुणाला उपयोगी आणि लोकांपर्यंत कसं जाणार, हे लिहावं लागतं. एक्सप्लोरर्स क्लब ही १९०४ची न्यूयॉर्कची संस्था. तिचा झेंडा मोहिमेवर नेता येतो, पण परतल्यावर अहवाल द्यावा लागतो. झेंड्याने पोट भरत नाही, तरी बाकीच्या देणगीदारांसमोर त्याचं वजन पडतं.

रोख पैसे न देणारी मदतही मोजा. नॅचरल रिसोर्सेस कॅनडाचा पोलर कॉन्टिनेंटल शेल्फ प्रोग्रॅम १९५८पासून चालू आहे. रेझोल्यूटला त्याचा तळ आहे. विमानांची व्यवस्था, तंबू, रेडिओ, वाहनं असं क्षेत्रीय पाठबळ संशोधन गटांना मिळतं. त्यासाठी प्रकल्प शास्त्रीय असावा लागतो आणि अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. गटात कॅनडातल्या विद्यापीठाचा विद्यार्थी असेल आणि काम त्याच्या अभ्यासाचा भाग असेल, तर नॉर्दर्न सायंटिफिक ट्रेनिंग प्रोग्रॅम बघा. तो पोलर नॉलेज कॅनडा चालवते आणि उत्तरेतल्या क्षेत्रकामाच्या प्रवासखर्चाला हातभार लागतो.

आता गाभ्याचं. "काही शास्त्रीय निरीक्षणं" हे शब्द अर्जात आले की अर्ज तिथेच मागे पडतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर तिथे पायी किंवा कनूने गेल्याशिवाय मिळतच नाही. थेलॉनसाठी एक सुचवते. या खोऱ्यात वृक्षरेषेच्या कितीतरी पुढे, उघड्या टुंड्राच्या मधोमध स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची बेटं आहेत. त्यांच्या कडा सरकतायत का? ओटावाच्या नॅशनल एअर फोटो लायब्ररीत १९२०च्या दशकापासूनची हवाई छायाचित्रं आहेत. जुनी छायाचित्रं आणि आजची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली की मोठी झाडं कळतात. पण घोट्याएवढी रोपं उपग्रहाला दिसत नाहीत, आणि कड सरकतेय का याचं उत्तर नेमकं त्या रोपांत आहे. म्हणून माणूस जायला हवा. अर्जात ही दोन वाक्यं आली की मोहिमेचं कारण सिद्ध झालं.

पद्धतही लिहा. झाडीच्या कडेपासून बाहेर १०० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा आखायचा. त्यातलं ३० सेंटिमीटरखालचं प्रत्येक रोप मोजायचं, दोन्ही टोकांची जीपीएस नोंद, दोन्ही टोकांवरून चारही दिशांना छायाचित्रं. दोन माणसांना एका पट्ट्याला पाऊण ते एक तास. मातीचं तापमान घेणार असाल तर नोंदयंत्रं निघण्याआधी बर्फाच्या पाण्यात तपासा. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ काठोकाठ, त्यात थोडंच थंड पाणी, ढवळत २० मिनिटं. वाचन शून्याच्या जवळ स्थिरावलं पाहिजे. किती चुकतंय ते प्रत्येक यंत्राच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा. परतल्यावर पुन्हा तीच चाचणी. हे न करता आणलेले आकडे कुणी घेत नाही.

उत्तरायण
हे फार मोलाचं आहे, तुंद्रा. स्प्रूसचा प्रश्न आराखड्यात घेतोच. आता नदीच्या सुरुवातीला नेऊन सोडणाऱ्या विमानाकडे वळू. सहा जण, तीन कनू, एका ट्विन ऑटरमध्ये (दोन इंजिनांचं छोटं विमान) बसतील ना?

वल्हेकरी
बसतील की नाही हे वजनावर ठरतं, आणि वजन कागदावर आधी उतरतं. मांडूनच बघू.

माणसं ६, कपड्यांसह सरासरी ८० किलो : ४८०
अन्न, ४५ दिवसांचं, माणशी रोज ९०० ग्रॅम : २४३
चुलीचं इंधन, माणशी रोज १०० मिली, म्हणजे २७ लिटर : १९
कनू ३, प्रत्येकी ३२ : ९६
वल्ही, जीवरक्षक जाकिटं, कनूवरची आच्छादनं, दोर : ४२
वैयक्तिक सामान, प्रत्येकी २० : १२०
तंबू, ताडपत्री, भांडी, औषधं, दुरुस्ती, अस्वलांसाठी विजेचं कुंपण : ७५
उपकरणं आणि बॅटऱ्या : ३५
पिंपं आणि पाठपिशव्या : ३०

एकूण ११४० किलो. ट्विन ऑटर किती उचलेल ते अंतरावर ठरतं. लांब जायचं तर परतीचं इंधनही तिलाच वाहायचं असतं, आणि पाण्यावर उतरायला चाकांऐवजी फ्लोट लावले की क्षमता आणखी घटते. समजा कंपनीने तुमच्या अंतरासाठी १००० किलो सांगितले. १४० किलो जास्त झाले. हे १४० किलो म्हणजे थोडा जादा खर्च नाही, अख्खी दुसरी फेरी आहे. चार्टरचं, म्हणजे खास ठरवलेल्या विमानाचं, भाडं तुम्ही बसलेल्या अंतराचं नसतं, विमान रिकामं परत जातं त्याचंही असतं. ४०० किलोमीटरवर उतरवायचं तर ८०० किलोमीटरचं बिल. दुसरी फेरी झाली की १६००. अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा एका रात्रीत दुप्पट होतो.

म्हणून पहिला निर्णय माणसांच्या संख्येचा. चार जण, दोन कनू असं तेच गणित केलं तर ७६० ते ८०० किलोच्या आसपास येतं आणि एका फेरीत निभावतं. माझं ठाम मत, चार जणच न्या. ज्यांना सहाच हवेत त्यांनी दुसऱ्या फेरीचे पैसे पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात दाखवावेत.

अन्न कमी करून वजन बसवायच्या भानगडीत पडू नका. ९०० ग्रॅम कोरड्या अन्नातून साधारण ४३०० ते ४५०० कॅलरी मिळतात, तेही स्निग्ध पदार्थ भरपूर असतील तर. एक ग्रॅम स्निग्धात ९ कॅलरी, कर्बोदकात ४. त्यामुळे वजन न वाढवता कॅलरी वाढवायच्या तर तूप, लोणी, तेल, सुकामेवा. पुढे शिकार-मासे मिळतील असं धरून अन्न कमी नेणं हा याच नदीवरचा जुना घात आहे. जॉन हॉर्नबी आणि त्याचे दोन सोबती १९२७मध्ये थेलॉनच्या काठी उपासमारीने गेले. ज्या कॅरिबूंच्या (उत्तरेतल्या हरणांच्या) भरवशावर हिवाळा काढायचा होता ते आलेच नाहीत.

कनूंचं माप विमानाच्या पोटाला जुळलं पाहिजे. ट्विन ऑटरची केबिन साधारण साडेपाच मीटर लांब आहे. १७ फुटी कनू म्हणजे ५.२ मीटर. एकात एक बसवायच्या तर आतल्या कनूच्या बैठका आणि आडवे दांडे काढावे लागतात. स्क्रू, नट, वॉशर त्या-त्या कनूच्या नावाच्या पिशवीत, आणि मूठभर जादा. नदीकाठी पोहोचल्यावर एक बोल्ट कमी निघाला तर ती कनू खळाळात टाकता येत नाही. घडीच्या कनू हा दुसरा मार्ग. त्या कुठल्याही विमानात जातात आणि परतताना नेहमीच्या प्रवासी विमानातूनही आणता येतात. चौकट जोडायला वेळ लागतो आणि खडकाळ उथळ पाण्यात तळ जपावा लागतो, एवढी किंमत मोजायची.

बेकर लेकला संपवणं हा थेलॉनचा आर्थिकदृष्ट्या सगळ्यात मोठा फायदा आहे. तिथे विमानतळ आहे, नियमित उड्डाणं आहेत, त्यामुळे परतीचं चार्टर वाचतं. कॉपरमाइन नदीचंही तसंच, ती कुगलुक्तुक गावाला संपते. नदी निवडतानाच शेवटी गाव आहे का ते बघा. ते असेल तर निम्मं भाडं वाचलं.

रानवाटा
वल्हेकरींच्या पोस्टला पूरक, वेळेचं अंदाजपत्रक. ते वजनाइतकंच कडक असावं लागतं.

९०० किलोमीटर, रोज ३६ किलोमीटर धरले तर वल्हवण्याचे २५ दिवस. निरीक्षणांचे ८. वाऱ्या-पावसात अडकण्याचे ७. झाले ४०. ते ७ दिवस कापू नका. थेलॉनच्या खालच्या भागात बेव्हरली, अबर्डीन आणि शुल्ट्झ ही मोठी तळी लागतात. तिथे वारा सुटला की कनू पाण्यात घालता येत नाही, दोन-तीन दिवस सलग अडकणं सहज होतं. वारा बहुधा रात्री आणि पहाटे पडतो. जुलैमध्ये उजेड जवळजवळ रात्रभर असतो, म्हणून त्या तळ्यांवर दिनक्रम उलटा करायचा. दिवसा झोप, रात्री वल्हं.

तारीख मागेही ओढू नका आणि पुढेही ढकलू नका. टुंड्रावरच्या मोठ्या तळ्यांवर जुलै उजाडला तरी बर्फ असू शकतो. फ्लोटवालं विमान बर्फावर उतरत नाही, आणि अर्धवट फुटलेल्या बर्फावर तर कुठलंच विमान उतरत नाही. २० जूनची तारीख ठरवून माणसं आली आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या यलोनाइफ शहरात हॉटेलचं बिल भरत बसली, हा नेहमीचा प्रकार. करारात उतरण्याच्या दोन जागा लिहून घ्या. पहिली तळ्यावर, दुसरी वाहत्या नदीच्या रुंद संथ पट्ट्यात, कारण नदी तळ्याआधी मोकळी होते. उशीर झाला तर काय होतं याचं उदाहरण १९५५चं आहे. आर्थर मॉफॅटचा गट डुबॉन्ट नदीवर रेंगाळत गेला, अन्न संपत आलं, सप्टेंबर लागला. मग कसर भरून काढायला न पाहता खळाळात शिरले. १४ सप्टेंबरला कनू उलटल्या आणि मॉफॅट थंडीने गेला. पाणी इतकं गार की पोहता येणं-न येणं याला फारसा अर्थ उरत नाही.

वेळापत्रकात थांब्याच्या तारखा लिहा. अमुक दिवशी अमुक संगमाच्या मागे असाल तर निरीक्षणांचे दिवस रद्द. आणखी मागे असाल तर विमान बोलवायचं. हे घरी बसून ठरवायचं आणि सगळ्यांनी त्यावर सह्या करायच्या.

सनद
परवान्यांबद्दल. ही नदी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून नुनावुतमध्ये जाते. सीमा ओलांडली की कार्यालय बदलतं, त्यामुळे एकाच कामाला दोन संशोधन परवाने.

नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये संशोधन परवाना अरोरा रिसर्च इन्स्टिट्यूटकडून. नुनावुतमध्ये नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूटकडून, पण त्याआधी प्रस्ताव नुनावुत प्लॅनिंग कमिशनकडे जातो आणि गरज पडली तर इम्पॅक्ट रिव्ह्यू बोर्डाकडे. जमीन इनुइट या मूळ रहिवाशांच्या मालकीची असेल तर त्या भागाच्या इनुइट असोसिएशनची परवानगी. बेकर लेकच्या बाजूला ती किवालिक इनुइट असोसिएशन. युकॉनला जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, तिथल्या कायद्याचं नावच सायंटिस्ट्स अँड एक्सप्लोरर्स अ‍ॅक्ट आहे. पुरातत्त्वीय वस्तूंचा परवाना सगळीकडे वेगळा. तो नसेल तर दगडांची जुनी रचना, तंबूचं वर्तुळ, हाडाचं हत्यार, कशालाही हात लावायचा नाही. छायाचित्र काढा, जागा नोंदवा, पुढे चला. थेलॉन अभयारण्य १९२७पासून संरक्षित आहे, त्याचे नियम अर्जाआधी वाचा.

ड्रोन नेणार असाल तर २५० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनला ट्रान्स्पोर्ट कॅनडाची नोंदणी आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं. भारतातून येणाऱ्या सदस्याने ड्रोन स्वतःच्या नावावर आणण्यापेक्षा तिथल्या प्रमाणित सदस्यावर सोपवावा, ते सरळ पडतं.

सगळ्यात जास्त वेळ गावांशी बोलण्यात जातो आणि जायलाच हवा. परवाना देणारी कार्यालयं स्थानिकांना विचारूनच निर्णय घेतात. पश्चिमेकडे लुत्सेलके डेने, पूर्वेकडे बेकर लेकची शिकारी आणि सापळेकऱ्यांची संघटना. पहिलं पत्र आठ-दहा महिने आधी जाऊ द्या. एका पानात, साध्या भाषेत, नकाशासह. कुठे थांबणार, काय मोजणार, काय उचलून नेणार, काय ठेवून येणार.

तुंद्रा
सनद यांच्या शेवटच्या परिच्छेदाला धरून. अंदाजपत्रकात गावांसाठी खरा रकाना हवा. दुभाषाचं मानधन, ज्येष्ठांशी बोलायचं तर त्यांचं मानधन, अहवालाचा इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत अनुवाद, परतताना बेकर लेकमध्ये एक संध्याकाळ सभागृह आणि चहापाणी. अनेक अर्जांत "स्थानिक सहभाग" असं लिहिलेलं असतं आणि समोरच्या रकान्यात शून्य असतं. परीक्षकाला ते पटकन दिसतं, आणि गावकऱ्यांना तर त्याहून आधी. ज्यांच्या पिढ्या त्या नदीवर गेल्या त्यांच्याकडून उताराची जागा, कॅरिबूंचे मार्ग, वाऱ्याचा कल विचारायचा आणि मोबदला द्यायचा नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

उत्तरायण
हिशेबनीस, एक शंका. देणगीदारांना कॅनडात करसवलतीची पावती देता येईल का? आणि कंपनीकडून प्रायोजकत्व घेतलं तर?

हिशेबनीस
गट स्वतः पावती देऊ शकत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थाच देते. आणि तिच्यामार्फत पैसा आला तरी "हे पैसे अमक्या व्यक्तीलाच द्या" अशी अट असेल तर ती देणगी ठरत नाही. पैसा संस्थेच्या उद्देशासाठी, संस्थेच्या नियंत्रणाखाली खर्च व्हावा लागतो. म्हणून आधी संस्थेशी लेखी करार, मग देणगीचं आवाहन. उलट क्रमाने गेलात तर जमलेले पैसे पावतीविना राहतात आणि देणगीदार नाराज होतात.

देणगीदाराला बदल्यात काही मिळालं, समजा छापील छायाचित्र किंवा कार्यक्रमाचं तिकीट, तर त्याची बाजारभावाने किंमत वजा होते आणि उरलेल्या रकमेची पावती मिळते. मिळालेला फायदा देणगीच्या ८० टक्क्यांहून जास्त असेल तर साधारणपणे ती देणगी मानलीच जात नाही. कंपनीने जाहिरातीच्या बदल्यात दिलेले पैसे हा व्यवहार आहे, देणगी नव्हे. कंपनी तो धंद्याचा खर्च दाखवते, तिला पावतीची गरजच नसते. हे दोन प्रवाह पहिल्यापासून वेगळ्या खात्यात ठेवा.

वस्तूरूप मदत मिळते तेव्हा एक सापळा असतो. कंपनी जॅकेटं देते आणि तुम्ही अंदाजपत्रकात त्यांची पूर्ण छापील किंमत जमेला धरता. कागदावर निम्मा निधी जमला असं दिसतं, पण चार्टर कंपनी जॅकेटं घेत नाही. वस्तू फक्त तेव्हाच जमेला धरा जेव्हा ती तुम्ही नाहीतरी विकत घेणार होतात, आणि तेवढ्याच किमतीला.

तीन रकाने करा. लागणार किती, हाती आलेत किती आणि पत्रासह कबूल झालेत किती. तोंडी आश्वासन कुठल्याच रकान्यात जात नाही. त्याखाली महिनावार रोखीचा तक्ता. गट फसतात ते इथेच. एकूण बेरीज जुळते, पण पैसे येण्याची आणि जाण्याची वेळ जुळत नाही. चार्टरची आगाऊ रक्कम वसंतात, विमानाची तिकिटं मे महिन्यात, आणि काही अनुदानांचा शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावर, म्हणजे परतल्यानंतर काही महिन्यांनी. तो हप्ता खर्चाला धरायचाच नाही. चार्टरचा दर ठरवताना इंधन अधिभाराचं कलम वाचा. हिवाळ्यात घेतलेला दर जुलैत तसाच राहतोच असं नाही. हवामानामुळे विमान अर्ध्या वाटेतून परतलं तर त्याचं बिल कुणाचं, हेही लिहून घ्या. बहुधा ते तुमचंच असतं. सगळ्या बेरजेवर १५ टक्के आकस्मिक निधी, जादा उड्डाण सोडून.

निळावंती
लोकवर्गणी आणि रोजचं थेट प्रक्षेपण हा सोपा मार्ग वाटतो. प्रायोजकांनाही आवडतो. त्याबद्दल कुणीच का लिहीत नाही?

रानवाटा
निळावंती, मार्ग आहे, पण वचन मोजून द्या. थेलॉनवर मोबाईल नेटवर्क नाही. इनरीचसारखं यंत्र इरिडियम उपग्रहांवरून छोटे मजकूर आणि ठरावीक मिनिटांनी जागा पाठवतं, व्हिडिओ नाही. रोज व्हिडिओ पाठवायचा तर उपग्रह इंटरनेटचा संच, त्याची वीज, त्यासाठी सौरपट्टे, म्हणजे पुन्हा वजन. आणि पावसाचे चार दिवस लागले की सौरपट्टा काही देत नाही. तेव्हा नकाशावर सरकणारा ठिपका आणि दिवसाकाठी दोन ओळी एवढंच वचन द्या. ठिपका थांबला तर घाबरू नये, हेही घरच्यांना आणि देणगीदारांना आधी समजावून सांगा. बॅटरी संपणं हे त्याचं नेहमीचं कारण असतं.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे प्रायोजकाचं कलम. "मोहीम पूर्ण झाल्यास रक्कम" असा मजकूर कधीही स्वीकारू नका. खळाळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात पैशाचा विचार आणणारं ते कलम आहे. रक्कम तयारी, निघणं आणि अहवाल यांना बांधा, शेवटच्या ठिकाणाला नाही. गटनेत्याला कुठल्याही क्षणी थांबवण्याचा अधिकार आहे आणि त्यामुळे निधीवर परिणाम होणार नाही, हे वाक्य करारात हवंच.

तुंद्रा
यात भर. निधीदार बदलला की मोहिमेचं उद्दिष्टही बदलतं, त्याकडे लक्ष ठेवा. १९१३ची कॅनेडियन आर्क्टिक मोहीम सुरुवातीला अमेरिकन संस्थांच्या पैशावर ठरली होती. मग कॅनडा सरकारने ती पूर्ण ताब्यात घेतली आणि तिचा आवाका एकदम वाढला. दोन तुकड्या, अनेक जहाजं, घाईची भरती. दक्षिण तुकडीचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर तुकडीच्या कार्लुक जहाजावर होते. पुढे वाटणी करू असं ठरलं होतं, ती करायची संधीच आली नाही. कार्लुक बर्फात अडकलं, जानेवारी १९१४मध्ये बुडालं आणि ११ जण गेले. पैसा वाढला की लगेच माणसं आणि उद्दिष्टं वाढवू नका. आधी राखीव वाढवा.

वल्हेकरी
आता किरकोळ वाटणाऱ्या पण मोहीम अडवणाऱ्या गोष्टी, भराभर.

चुलीचं इंधन प्रवासी विमानात नेता येत नाही. वास येणारी रिकामी बाटली किंवा चूलसुद्धा जप्त होते. चूल नवी न्या किंवा धुऊन-वाळवून. इंधन यलोनाइफला घ्या. छोट्या गावात मिळेल असं धरू नका, तिथे बराचसा माल वर्षातून उन्हाळ्यातल्या जहाजांनीच येतो आणि संपला की संपला.

अस्वलांसाठीचा मिरचीचा फवाराही प्रवासी विमानात चालत नाही. तो यलोनाइफलाच विकत घ्या, माणशी एक आणि गटात दोन जादा. चार्टरच्या वैमानिकाला चढण्याआधी सांगा. तो केबिनबाहेर, फ्लोटच्या कप्प्यात ठेवतो. केबिनमध्ये डबा फुटला तर वैमानिकाला दिसणार नाही. नदीवर फवारा कमरेच्या पट्ट्यावर, हाताशी. पिशवीच्या तळाशी ठेवलेल्याचा उपयोग नाही. तो थोड्या मीटरवरच पोहोचतो आणि काही सेकंदांत संपतो, वारा उलटा असेल तर तुमच्याच तोंडावर. म्हणून तंबूंभोवती विजेचं कुंपण हवंच. स्वयंपाक झोपायच्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या दिशेने खाली.

बंदूक नेणारा परदेशी सदस्य असेल तर बिगर-रहिवाशांचा बंदूक घोषणा अर्ज सीमेवर लागतो. पॉवर बँक १०० वॉट-तासांपर्यंत, आणि ती केबिनमध्ये, सामानात नाही.

संकटसूचक दोन, वेगवेगळ्या यंत्रणेचे. एक दुतर्फा मजकूर पाठवणारं, कारण "पाय मोडला, शुद्धीवर आहे, दोन दिवस थांबू शकतो" आणि "श्वास लागलाय" यात सुटकेची पद्धत बदलते. दुसरा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, नोंदणी करून. नोंदणीतल्या फोनवर कुणीतरी चोवीस तास उचलणारं हवं. तो माणूस मोहिमेवर नसावा, ही चूक खरंच होते.

सनद
विम्याचं एक राहिलं. पॉलिसीत चार शब्द शोधा. मोहीम, दुर्गम प्रदेश, शोध आणि सुटका. अनेक पॉलिसी सुटकेचा खर्च देतात, शोधाचा देत नाहीत. काही "मोहीम" हा शब्द दिसला की सगळंच नाकारतात. नदीचं नाव, तारखा आणि प्रवासाचा प्रकार लिहून कंपनीकडून लेखी होकार घ्या. विमान पाठवण्याआधी पैशांची हमी कंपनी थेट देते की तुम्ही भरून नंतर मागायचे, हेही विचारा. नंतर मागायचे असतील तर हिशेबनीसांचा जादा उड्डाणाचा निधी आणखी गरजेचा.

उत्तरायण
आराखडा बदलतो आहे. चार जण, दोन कनू, एक फेरी. स्प्रूसच्या कडांचे पट्टे, ठिकाणं आधी हवाई छायाचित्रांवरून निवडून. जादा उड्डाण आणि विमा अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळींत. शेवटचा प्रश्न. परतल्यावर संस्थेला नेमकं काय द्यायचं, आणि कनूंचं काय करायचं?

तुंद्रा
मूळ आकडे, यंत्रांच्या दोन्ही चाचण्या, छायाचित्रं आणि जागा पोलर डेटा कॅटलॉगसारख्या सार्वजनिक साठ्यात. खर्चाचा ताळेबंद पावत्यांसह. परवाना देणाऱ्या दोन्ही कार्यालयांना सारांश, तो दिला नाही तर पुढच्या वेळी तुम्हालाच अडचण. दोन्ही गावांना छापील प्रत, फोटोंसह. काय जमलं नाही तेही अहवालात स्पष्ट लिहा. कोणता पट्टा वाऱ्यामुळे सुटला, कोणतं यंत्र बंद पडलं. पुढचा गट तिथूनच सुरुवात करेल.

वल्हेकरी
कनू बेकर लेकमध्ये विका किंवा शाळेला, संघटनेला द्या. आधी पत्र लिहून कुणाला हव्यात ते विचारा, किनाऱ्यावर टाकून जाऊ नका. परत आणायच्याच असतील तर जहाजाची तारीख आणि भाडं आताच विचारून अंदाजपत्रकात घाला. घडीच्या असतील तर हा प्रश्नच नाही, फक्त बांधण्याआधी पूर्ण वाळवा. चौकटीच्या नळ्यांत वाळू राहिली तर पुढच्या वेळी सांधे अडकतात.